गरम टायर खोटं बोलतो

मला एवढंच सांगा, तो तीन हजारचा आकडा सकाळचा की दुपारचा? नाही, तुम्ही शिकलेले दिसता, गाडीत मागं पुस्तकं पडलीत, म्हणून विचारतो... नाही माहीत? नसणारच! त्या खिडकीतल्या सुईवाल्याला विचारलं, त्याला माहीत नाही. सिस्टरबाईंना विचारलं, त्या म्हणाल्या, 'रांग सोडून बोलायचं नाही.' मोठ्या डॉक्टरबाईंना विचारलं, त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जसं काही खोलीतल्या स्टुलानंच तोंड उघडलंय! सहा महिने विचारतोय. एक माणूस सांगेल तर शपथ.

बसा हो, त्या मोठ्या टायरवर बसा, पुसलाय सकाळीच. तुमची हवा मी आत्ता मोजणार नाही. किती वेळ हाणत आलात गाडी? दीड तास? मग हात लावून बघा चाकाला... बघितलंत? तवा झालाय नुसता! गरम टायरची हवा मोजायची नसते. निवू दे त्याला. तोवर मी बोलतो आणि तुम्ही ऐका. जाणार कुठं, चाक माझ्याकडं आहे!

तर दादा. माझा थोरला. हे दुकान त्याचं, हा कॉम्प्रेसर त्याचा, ही पाटी त्यानं रंगवलेली, 'पंक्चर'वरचं टिंब विसरला ते अजून राहिलेलंच आहे. मी पाचवीत शाळेला रामराम ठोकला, तेव्हा बाप पट्टा घेऊन मागं लागला, आणि दादा मध्ये उभा राहिला. 'असू दे हो, माझ्या हाताखाली घेतो त्याला.' त्या दिवसापासून मी बारक्या. मिशा फुटल्या तरी बारक्या. आणि पहिल्या दिवशी गेज हातात देऊन त्यानं मला काय शिकवलं असेल? 'बारक्या, टायर नेहमी थंड असताना मोजायचा. सकाळी आकडा कमी दिसतो, पळून आला की जास्त दिसतो. हवा तेवढीच असते रे. गरम टायर खोटं बोलतो.' झालं माझं शिक्षण! ही एक ओळ. बाकी सगळं मी माझ्या अकलेनं बिघडवलं.

त्याच्या पोटात गाठ निघाली. सलाईनमधून औषध द्यायचं, त्याला म्हणायचं डोस. तीन आठवड्यांनी एक. आणि ते औषध कसं, तर गाठीला मारायला जातं आणि जाता जाता घरच्या माणसांनाही बुकलून येतं. त्या घरच्या माणसांचं नाव पांढऱ्या पेशी. आता मला पेशी म्हणजे कोर्टातली ठाऊक! वहिनीचा फोन आला, 'भाऊजी, यांच्या पेशी कमी झाल्यात.' मी म्हटलं, 'झाल्यात ना कमी? चांगलं झालं की वहिनी! पण दादानं केलं काय?' पलीकडं ती हसायला लागली, आणि हसता हसता तिला रडू आलं, आणि मी इकडं पाना हातात धरून उभा... मला काय माहीत, रक्तातही तारखा पडतात!

आणि पडतातच की! नियम असा, डोसाच्या दिवशी रक्त तपासायचं. पांढऱ्या पेशी तीन हजारच्या वर असल्या तर डोस. खाली असल्या तर, 'आज नाही. आठ दिवसांनी या.' आणि रक्त कधी द्यायचं? सकाळी सात ते नऊ. खिडकीत हा सुईवाला. तोंडात पेनचं टोपण धरून बोलायचा, 'नाव? वय? खाल्लंय काही? मूठ आवळा. सोडा. पुढचा!' माणूस आहे की कॉम्प्रेसर?

पहिले दोन डोस सुरळीत मिळाले. तिसऱ्याला गेलो, सत्तावीसशे. परत या. आठ दिवसांनी गेलो, एकोणतीसशे. अहो, शंभर कमी! शंभर पेशी म्हणजे किती हो? सुईच्या टोकावर मावत असतील! मी म्हटलं, 'घ्या की माझ्या शंभर, माझ्याकडं पडून आहेत.' पुढचा! पण त्या दिवशी त्यांचं मशीन सकाळपासून वेडंवाकडं चाललं होतं, म्हणून डॉक्टरबाई म्हणाल्या, परत एकदा घ्या. दुपारी तीनला परत घेतलं. तेहतीसशे!

तोच दिवस, तोच दादा, तोच हात, त्याच शिरेत सुई. सकाळी सातला एकोणतीसशे आणि दुपारी तीनला तेहतीसशे! मी म्हटलं मशीन नीट झालं, तर डॉक्टरबाई म्हणतात, 'नाही हो, सकाळचं सँपलही मी आत्ता परत लावलं, ते एकोणतीसशेच आलं. माणसाच्या पेशींचं असंच असतं. सकाळी रक्तात कमी असतात, दिवस चढतो तशा वाढतात. तुमच्याही, माझ्याही. दोन-चारशेचा फरक पडतोच.'

पडतोच!

असं म्हणाल्या. पडतोच! मग मी म्हटलं, 'मॅडम, फरक पडतोच तर तुमचा तीन हजारचा आकडा सकाळचा की दुपारचा?' तेव्हा ते स्टुलाकडं बघतात तसं बघितलं. मी म्हटलं, 'नाही म्हणजे, आमच्यात टायरवर लिहिलेलं असतं, एवढी हवा, आणि ती थंड टायरची. तुमच्या कागदावर काय लिहिलंय?' तर म्हणतात, 'रोज एकाच वेळी मोजलं तरच कमी-जास्त कळतं.' कबूल! शंभर टक्के कबूल! पण हे माझ्या प्रश्नाचं उत्तर झालं का? तुम्ही सांगा, झालं का? मी विचारतो गाव कुठं, त्या सांगतात रस्ता सरळ आहे!

त्या दिवशी डोस मिळाला. म्हणजे मशीन बिघडलं म्हणून माझ्या भावाला औषध मिळालं. मशीन चांगलं असतं तर परत पाठवलं असतं. ह्याला तुम्ही दवाखाना म्हणा, मी जुगार म्हणतो.

चौथ्या डोसाला मी खिडकीवर जाऊन सांगितलं, 'आम्ही दुपारी देतो रक्त.' सुईवाला म्हणाला, 'सात ते नऊ.' 'अहो, पण दुपारी वाढतात.' 'सात ते नऊ.' 'डॉक्टरबाईंनीच सांगितलंय.' 'तर मग त्यांच्याकडून लिहून आण. ए पंक्चर, मूठ तू नको आवळू, पेशंट आवळेल.' ...ए पंक्चर! मला! रांगेतली सगळी हसली. दादासुद्धा हसला! अठ्ठावीसशे. परत या.

त्या दिवशी मी ठरवलं. तुम्हाला सांगतो, मी कुणाच्या वाकड्यात शिरत नाही, पण कुणी माझ्या माणसाला रिकाम्या हातानं परत पाठवलं ना... हवा सोडीन, माणूस सोडणार नाही!

त्याची स्कूटर उभी असते मागच्या पत्र्याखाली. राखाडी. मागचं चाक गुळगुळीत झालेलं, बदलायला हवं. टायर कापणं आमच्या धंद्यात पाप आहे, ते मी करणार नाही. मी फक्त व्हॉल्व्हची टोपी काढली, आत काडी दाबली, आणि ती हवा अशी सुस्कारा टाकत गेली की काय सांगू, कितीतरी दिवसांत पहिल्यांदा माझ्या छातीवरचं ओझं हललं! टोपी खिशात. आणि दवाखान्यापासून सगळ्यात जवळचं पंक्चरचं दुकान कुठलं? हेच! दुपारी दोनला घामाघूम होऊन स्कूटर ढकलत आला. मी अगदी गरीब तोंड करून, 'अरेरे साहेब, काय झालं?' 'बघ रे, पंक्चर आहे वाटतं.' मी ट्यूब काढली, पाण्यात बुडवली, अर्धा तास त्याला उन्हात उभा केला आणि म्हटलं, 'पंक्चर नाही. काही काही चाकांची हवा सकाळी कमीच असते. आठ दिवसांनी परत या.'

त्याला काही कळलं नाही! एवढा सूड, आणि ज्याच्यावर घेतला त्याला पत्ता नाही! लग्नात नाचावं आणि बँड दुसऱ्याच गल्लीत वाजावा तसं झालं.

आठ दिवसांनी परत तेच. एकोणतीसशे पन्नास. अहो, पन्नास! परत या. मी परत पत्र्याखाली. टोपी खिशात. मग असंच वाटलं म्हणून आणखी दोन दिवस जाऊन आलो, डोस नव्हता, काही नव्हतं, नुसता गेलो. वहिनी कपडे धुवायला बसली तर खिशात चार टोप्या. 'भाऊजी, हे काय?' 'बटणं आहेत.' 'काळी? आट्यांची?' 'नवीन निघालीत.' तिनं त्या तिथंच खिडकीत ओळीनं मांडल्या. दादानं बघितल्या. उशीवरूनच म्हणाला, 'बारक्या, त्याच्या मागच्या चाकाची नक्षी गेलीय. हवा सोडायची तर सोड, पण टायर बदलायला सांग त्याला. पडेल कुठं तरी.' आता ह्या माणसाला काय म्हणायचं! स्वतःचं चालणं बंद पडत आलंय आणि ह्याला सुईवाल्याच्या टायरची काळजी!

तो दिवसेंदिवस बारीक व्हायला लागला. गाठ आत मोकाट. डोस नाही म्हणजे तिला राखणच नाही. रात्री झोप नाही, म्हणून दिवसा डुलक्या काढायचा. पेशी वाढायच्या सुया दिल्या, त्यानं हाडं ठणकायची. मी त्याला म्हटलं, 'दादा, ह्या वेळेला डोस घेतल्याशिवाय यायचं नाही.' तो म्हणाला, 'ते काय आपल्या हातात आहे?' मी म्हटलं, 'आहे!'

काय झालं होतं माहितीये, मागच्या खेपेला एक सिस्टरबाई दुसरीला सांगताना मी ऐकलं होतं. 'अगं, त्याला पळवू नकोस, पळापळ केली की काउंट उगाच वाढलेला दिसतो.' झालं! माझ्या डोक्यात कॉम्प्रेसर सुरू! दुपार मिळत नाही ना? मग सकाळचीच दुपार करू!

रक्ताची खिडकी तळमजल्यावर. त्याच इमारतीला चार मजले. सकाळी साडेसहाला मी दादाला घेऊन जिन्याखाली उभा. म्हटलं, 'चढ.' तो म्हणाला, 'कशाला?' मी सांगितलं. त्यानं कठड्याला हात लावला आणि चढायला लागला! मी मागं, दोन्ही हात त्याच्या पाठीला लावून. पहिला मजला. थांबला. दुसरा मजला. तिथं झाडूवाली मावशी, म्हणते, 'अहो, लिफ्ट आहे की!' मी म्हटलं, 'मावशी, आमचा नवस आहे!' तिसऱ्याला दादा पायरीवर बसला. भात्यासारखी छाती. कपाळावर घाम. आणि हसत होता हो! म्हणाला, 'बारक्या, तू गरम टायर मोजायला निघालायस.'

त्याला माहीत होतं.

मी म्हटलं, 'एकदाच, दादा. फक्त आजच्या दिवस.' तो म्हणाला, 'हात दे.' आणि उठला. वर गेलो, खाली आलो, अर्ध्यापर्यंत परत वर गेलो. सात वाजता खिडकीत.

सुईवाल्यानं दंड बांधला, शीर बघितली, ती टपटप उडत होती. दादाचा घाम बघितला. पायांकडं बघितलं, चपलेत पाय थरथरत होते. म्हणाला, 'पळत आलात?' मी म्हटलं, 'नाही, असंच. बस चुकली.' त्यानं तोंडातलं टोपण काढलं. नेहमी म्हणायचा ना 'पुढचा', तो म्हणालाच नाही. माझ्याकडं बघितलं, परत दादाकडं बघितलं. मला वाटलं, आता म्हणणार, अर्धा तास बसा, मग घेतो. नियमच आहे त्यांचा! तो म्हणाला, 'मूठ आवळा.' आणि घेतलं रक्त.

एकतीसशे चाळीस.

मी नाचलो तिथं! रांगेतल्या एका म्हाताऱ्याला मिठी मारली, तो घाबरून मला ढकलायला लागला. डोस मिळाला. दादाला रिक्षातून घरी आणलं. वहिनीनं मला विचारलं, 'कसा काय वाढला आकडा?' मी म्हटलं, 'वाढला बाबा एकदाचा. देवाला काळजी.'

नवव्या दिवशी ताप.

तुमचा टायर बघू... नाही, अजून गरम आहे. बसा.

ताप म्हणजे काय, वॉर्डातल्या डॉक्टरांनी सांगितलं, रक्तात लढायला माणसंच नाहीत. पेशी चारशे. तुम्ही म्हणाल डोसानंतर सगळ्यांच्याच कमी होतात. होतात. पण ज्याच्या खऱ्या तीन हजार असतात त्याच्या कुठवर उतरतात आणि ज्याच्या खोट्या तीन हजार असतात त्याच्या कुठवर उतरतात? मी डॉक्टरबाईंना वऱ्हांड्यात गाठलं आणि सगळं सांगितलं. जिना सांगितला. झाडूवाली मावशी सांगितली. म्हटलं, 'मॅडम, तो आकडा खरा नव्हता. मी वाढवला.' तर त्या म्हणाल्या, 'पेशी तुम्ही वाढवल्या नाहीत. रक्ताच्या नळीच्या भिंतीला चिकटून बसलेल्या असतात काही, चढल्यावर त्या सुटून वाहायला लागतात. एकूण तेवढ्याच.' अहो, हे मला का सांगता! हवा तेवढीच, गरम टायर खोटं बोलतो, हे मला अकराव्या वर्षी कळलंय! मी विचारलं, 'जिना चढवला नसता तर?' त्या म्हणाल्या, 'तुम्ही घरी जाऊन थोडं झोपा.'

हे उत्तर झालं?

आता तुम्ही सांगा, मी कुणाची हवा सोडू? डॉक्टरबाईंची? त्यांनी कागदावरचा आकडा बघून औषध दिलं. सुईवाल्याची? त्याला कळलं होतं! मी शपथेवर सांगतो, त्याला कळलं होतं, आणि तरी त्यानं घेतलं! सहा महिने ज्या माणसानं नियमाची एक आटी सैल केली नाही, त्यानं नेमकी त्याच दिवशी दया दाखवली! त्याला मी सोडणार नाही. मलाही मी सोडणार नाही. हवा सोडीन, माणूस सोडणार नाही... पण माणसाचा व्हॉल्व्ह कुठं असतो, एवढं मला कुणी दाखवा.

तीन दिवस होता वॉर्डात. तिसऱ्या संध्याकाळी डॉक्टरबाईंनी वहिनीला बाजूला नेलं. वहिनी परत आली, खुर्चीवर बसली आणि तिनं दादाच्या पायातले मोजे काढून परत नीट घातले. मग मला म्हणाली, 'भाऊजी, आता तपासून काही उपयोग नाही म्हणाल्या. नुसतं त्रास नको होऊ द्यायचा.' ती रात्रभर त्याचा हात धरून होती. पहाटे मी तिला म्हटलं, 'जा, तोंड धुऊन ये, मी आहे.'

दादाला तीन रात्रींनंतर नुकती झोप लागली होती. खरी झोप. तोंड थोडं उघडं, एक हात छातीवर, दुकानात दुपारी टायरच्या ढिगावर झोपायचा तसाच. आणि साडेसहाला वॉर्डाचं दार वाजलं. ट्रे घेऊन सुईवाला! वॉर्डातली रक्तंही तोच घ्यायचा. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं, त्याच्या यादीत नाव होतं. आला, दिवा लावला, दंड बांधायची पट्टी काढली.

मी मध्ये उभा राहिलो.

म्हटलं, 'झोपलाय तो.'

'अहो, सकाळचं सँपल आहे.'

म्हटलं, 'माहितीये. सकाळचंच असतं. हात लावायचा नाही. दुपारी या.'

मला वाटलं, आता म्हणणार सात ते नऊ. मी तयार होतो! तुम्हाला सांगतो, त्यानं ते तोंडातून काढलं असतं ना, तर ट्रे त्याच्या डोक्यावर घातला असता, सगळ्या नळ्या, सगळ्या बाटल्या, सहा महिन्यांचं सगळं! मुठी आवळून उभा होतो. त्यानं दादाकडं बघितलं. मग पट्टी गुंडाळली, ट्रेमध्ये ठेवली, आणि हळू आवाजात म्हणाला, 'बरं. दुपारी येतो.' दिवाही बंद करून गेला.

जिंकलो! अहो, जिंकलो मी! आयुष्यात माझं कुणी ऐकलं नव्हतं, शाळेत नाही, घरात नाही, त्या खिडकीवर तर नाहीच. आणि आता सुईवाला माझ्या शब्दावर परत गेला! मला दादाला उठवून सांगायचं होतं. नाही उठवलं. खिडकीतून ऊन यायला लागलं, त्याच्या डोळ्यांवर यायला लागलं, पडद्याची दोरी तुटलेली. मग मी उशाशी उभा राहून दोन्ही हातांनी चादर धरली, आडवी. ऊन सरकेल तसा मीही सरकलो. वहिनी आली, तिनं बघितलं आणि परत त्याचा हात धरून बसली. खांदे भरून आले, पण चादर खाली घेतली नाही, कारण तो झोपला होता हो, किती दिवसांनी कुणी टोचल्याशिवाय झोपला होता.

पावणेअकराला वहिनीच म्हणाली, 'भाऊजी... हात खाली घ्या आता.'

आणि तो सुईवाला? आला की! बरोबर बारा वाजता, ट्रे घेऊन, रिकाम्या पलंगाशी येऊन उभा राहिला. सहा महिन्यांत एकदा दुपारी या म्हणून ऐकलं त्यानं माझं, आणि तेही अगदी वेळेवर!